दिव्यांगता आणि सार्वजनिक आरोग्य : संघटनेने वर्षाचे अग्रक्रम कसे ठरवावेत?

वैद्यकीय संघटनांच्या वार्षिक सभांत ठरावांची वानवा कधीच नसते. आपल्या शाखांकडून येणाऱ्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या तरी हे ध्यानात येईल. वृक्षारोपण, वनौषधी-परिचय, मधुमेह-जागृती, व्यसनमुक्ती आणि त्यांच्याच पंगतीत गेली काही वर्षे 'दिव्यांगांसाठी कार्य' हाही एक विषय असतो. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु वर्षअखेरीस या विषयाखाली काय घडले असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी शिबिर झाले, काही चाकाच्या खुर्च्या वाटल्या, पाहुण्यांची भाषणे झाली. ज्याला खुर्ची मिळाली त्याच्या घराला पायऱ्या किती, खुर्ची त्याच्या मापाची आहे काय, आणि सहा महिन्यांनंतर ती चालते आहे की धान्याची पोती ठेवण्याच्या कामी आली आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्यात अद्याप रुजलेली नाही.

शिबिरांवर टीका करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. दिव्यांगता आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रात व्यावसायिकांच्या संघटनेने एका वर्षापुरते अग्रक्रम कसे निवडावेत, त्यातले आयुर्वेदीय चिकित्सकाच्या हाती नेमके काय आहे आणि काय नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचा विस्तार

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २९ लक्ष ६३ हजार. देशातील या व्यक्तींपैकी जवळजवळ ६९ टक्के ग्रामीण भागात राहतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल मात्र जगातील १६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या लक्षणीय दिव्यांगत्वासह जगत आहेत असे सांगतो. २ आणि १६ यांतील ही तफावत पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. आपल्या जनगणनेत प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नाला घरच्यांनी दिलेले उत्तर नोंदले जाते. गुडघ्यांच्या संधिवातामुळे घराबाहेर न पडू शकणारी आजी किंवा ऐकू कमी येणारे आजोबा त्यात बहुधा 'दिव्यांग' ठरत नाहीत. आपल्या दवाखान्यात मात्र तेच अधिक येतात.

त्याच अहवालातील आणखी एक गोष्ट वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. दिव्यांग व्यक्तींमध्ये मधुमेह, पक्षाघात, दमा, विषण्णता आणि दंतरोग यांचा धोका इतरांच्या दुप्पट असू शकतो, आणि काहींचे आयुर्मान इतरांहून वीस वर्षांपर्यंत कमी भरते. हे आयुष्य मूळच्या व्यंगामुळेच घटते असे नाही. दवाखान्याची पायरी चढता येत नाही, तक्रार सांगता येत नाही, सांगितली तरी ती 'त्याच्या त्या दुखण्यातलीच' समजली जाते, म्हणूनही ते घटते. पोलिओने पाय गेलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा.

कायद्याच्या बाजूने पाहता १९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि ही संख्या एकवीस झाली. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, अॅसिड-हल्ल्याने आलेली विद्रूपता हे सारे आता या यादीत आहे. या अधिनियमाचे पंचविसावे कलम आरोग्यसेवेविषयी असून शासकीय तसेच खाजगी रुग्णालये व आरोग्यसंस्था यांच्या सर्व भागांत अडथळ्यांविना प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य त्यात अभिप्रेत आहे. 'खाजगी' हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून निसटला आहे.

आपण कोठे उभे आहोत?

दिव्यांगतेचा विषय निघाला की तो अस्थितज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि शासन यांचा, आपण फार तर पक्षाघाताला बस्ती देणार, अशी एक समजूत आपल्यात आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे आपल्याच राज्यात झाला. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांतील जन्मजात व्यंगे, पोषणन्यूनता, बालरोग आणि विकासातील विलंब शोधून काढण्यासाठी त्यात फिरती पथके नेमली गेली. प्रत्येक पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, आणि तेही आयुष शाखेचे, अशी रचना आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा होणाऱ्या या तपासणीत बालकाला पहिल्यांदा हात लावणारा चिकित्सक महाराष्ट्रात पुष्कळदा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांतही आपले पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. उरलेल्या गावांतून खाजगी वैद्य आहेतच.

म्हणजे देशातील दिव्यांगता-निदानाच्या पहिल्या उंबरठ्यावर वैद्य उभा आहे. तेथे तो काय पाहतो, काय सांगतो आणि रुग्णाला कोठे धाडतो, यावर त्या व्यक्तीचे पुढचे कित्येक वर्षांचे भवितव्य अवलंबून असते. संघटनेच्या अग्रक्रमांचा विचार येथून सुरू व्हावा असे मला वाटते.

निवडीची कसोटी

अग्रक्रम याचा अर्थच काही गोष्टी मागे ठेवणे. बारा विषयांची यादी करून प्रत्येकापुढे 'प्राधान्याने' असा शब्द लिहिला म्हणजे प्राधान्य ठरत नाही. एका शाखेने एका वर्षात तीनहून अधिक कामे अंगावर घेऊ नयेत. ती निवडताना काही साधे प्रश्न विचारावेत. हा प्रश्न आपल्या तालुक्यात खरोखर आढळतो काय? ज्याला त्याची झळ लागते ती व्यक्ती आपल्याकडे आपणहून येते काय, की तिला शोधत जावे लागेल? आपण दवाखान्यात केलेल्या लहानशा कृतीने परिणामात फरक पडतो काय? आणि वर्षाच्या शेवटी ते मोजता येईल काय? 'जनजागृती' हे काम यातल्या शेवटच्या प्रश्नापाशीच अडते.

आणखी एक गोष्ट अवश्य पाळावी. ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना सभेत बसवावे, आणि तेही सत्कारासाठी नव्हे. आपल्याविषयीचे निर्णय आपल्यावाचून होऊ नयेत, हा जगभरातील दिव्यांग चळवळीचा आग्रह आहे. तालुक्यातील दोन-चार दिव्यांग स्त्री-पुरुषांना, एखाद्या दिव्यांग बालकाच्या आईला विचारले की यादीचा क्रम पुष्कळदा उलटा होतो. आपण बस्तीचा विचार करीत असतो आणि त्यांची पहिली तक्रार शौचालयाच्या अरुंद दाराची असते. आपल्या व्यवसायबंधूंतही दिव्यांग वैद्य आहेत; २०१६ च्या अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्याने पुढे ते अधिक दिसतील. त्यांना विचारण्यासाठी तर बाहेरही जावे लागत नाही. फक्त सभा दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवू नये.

शाखाशाखांचे अग्रक्रम सारखेच असावेत असेही नाही. पूर्व विदर्भातील शाखेला सिकलसेल टाळून चालणार नाही. तेथील तरुणाच्या खुब्याची वेदना नुसती 'वातव्याधी' म्हणून लिहिली गेली तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे निदान राहून जाते. त्याच भागात एके काळी लाखोळी डाळीच्या अतिसेवनाने पाय लुळे पडलेले लोक दिसत. आपल्या ग्रंथांतील 'कलायखंज' या व्याधीची सांगड अनेक अभ्यासक याच्याशी घालतात. व्याधीच्या नावातच धान्याचे नाव घालून प्राचीनांनी त्याचे कारण सांगून ठेवले, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोठी नोंद म्हटली पाहिजे. कोल्हापूर किंवा रत्नागिरीच्या शाखेला मात्र हा विषय पहिल्या तिनांत ठेवण्याचे कारण नाही.

तथापि तीन कामे अशी आहेत की ती वरील कसोट्यांना बहुतेक ठिकाणी उतरावीत. त्यांचा थोडा विस्ताराने विचार करू.

स्पर्शज्ञान

पहिले काम हात-पायांची संवेदना तपासण्याचे. येथे मी मुद्दाम रोगाचे नाव न घेता कृतीचे नाव घेतले आहे. चरकाने कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शज्ञान नष्ट होणे सांगितले आहे आणि प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह. दोन निराळे व्याधी, परंतु हात-पाय गमावण्याची वाट दोहोंत एकच : आधी बधिरता, मग न कळलेली जखम, मग व्रण, आणि शेवटी बोटे किंवा पाऊल.

डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. 'दूरीकरण' या शब्दाने अनेकांची समजूत अशी झाली की रोग संपला. तो संपलेला नाही. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर यांसारख्या जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडतच असतात. असा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याकडे येतो, कारण त्वचेवरील डागाला गावठी किंवा आयुर्वेदीय औषध बरे, अशी लोकांची धारणा आहे. फिकट किंवा लालसर डाग, खाज नाही, दुखत नाही. मग श्वित्र म्हणून, दद्रू म्हणून लेप दिला जातो. सहा महिने जातात. डाग तसाच राहतो आणि दरम्यान कोपराच्या आतील बाजूची नाडी जाड होऊन करंगळी वाकू लागते. नाडीचे कार्य बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइडचा पूर्ण क्रम मिळाला तर ते पुष्कळदा परत येते; त्यानंतर शक्यता झपाट्याने घटते. एमडीटीची औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. तेव्हा न खाजणाऱ्या प्रत्येक डागावर, लेप लिहिण्यापूर्वी, कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून पाहणे आणि संशय येताच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविणे एवढेच करावयाचे आहे.

मधुमेही रुग्णासाठी याहून सोपी परीक्षा आहे. रुग्णाला डोळे मिटावयास सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर पाऊल धोक्यात आहे असे समजावे. यास ना यंत्र लागते ना खर्च.

या परीक्षेचा आपल्या कर्माशीही थेट संबंध आहे. वालुकास्वेद, पत्रपोट्टली, अग्निकर्म, इतकेच काय गरम पाण्याचा अवगाह, हे सारे आपण रुग्णाच्या 'सोसते आहे' या उत्तरावर भिस्त ठेवून करतो. ज्याला उष्णता कळतच नाही तो 'सोसते' असेच म्हणणार. बधिर पावलावर स्वेदनाने आलेला फोड हा पाऊल तोडण्यापर्यंतच्या प्रवासाचा आरंभ ठरू शकतो, आणि तो आरंभ आपल्याच हातून झालेला असतो. म्हणून स्वेदन वा अग्निकर्मापूर्वी संवेदना-परीक्षेची नोंद केसपेपरवर असलीच पाहिजे, असा नियम संघटनेने सदस्यांपुरता करून टाकावा. मला तीनही कामांत हे सर्वांत निकडीचे वाटते.

पुष्य नक्षत्राचे बालक

दुसरे काम पहिल्या दोन वर्षांतील बालकांचे. गेल्या काही वर्षांत सुवर्णप्राशनाची शिबिरे महाराष्ट्रभर रूढ झाली आहेत. दर सत्तावीस दिवसांनी येणाऱ्या पुष्य नक्षत्राला आया आपणहून बाळे घेऊन येतात, आणि तीच बाळे पुन्हा पुन्हा येतात. वर्षातून तेरा वेळा बालकाचे दर्शन घडावे असे भाग्य कोणत्याही शासकीय कार्यक्रमाच्या वाट्याला आलेले नाही! या रांगेत दोन थेंब देऊन बाळ पुढे सरकते तेव्हा आपण त्याच्याकडे पाहतो काय?

पायापासून सुरुवात करू. जन्मतः आत मुरडलेले पाऊल सुमारे हजार जन्मांत एकाला आढळते. पॉन्सेटी पद्धतीने त्यावर पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू झाले, तर आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टरे, बहुतेकांत टाचेच्या स्नायुबंधाचा एक लहानसा छेद आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रात्री घालावयाचे विशिष्ट बूट, एवढ्याने पाऊल सरळ होते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य होतात. उशिरा आलेल्या मुलावरही उपाय आहेत, पण ते कठीण होत जातात. 'तेल लावून चोळा, आपोआप सरळ होईल' हा सल्ला आजीकडून मिळाला तर समजू शकते. वैद्याकडून मिळाला तर तो अनर्थ होय. अभ्यंग बालकाला हितकर आहेच, परंतु मुरडलेल्या पावलावरचा तो उपचार नव्हे.

दुसरी गोष्ट कानाची. श्रवणाविषयी आज मान्य असलेला दंडक असा : एक महिन्याच्या आत चाळणी-तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्रादी उपाय. प्रत्यक्षात आपल्याकडे मूल दोन वर्षांचे होऊन बोलत नाही तेव्हा शंका येते. तेव्हाही 'मुलगे उशिराच बोलतात' हे समाधान आणि जिभेला वेखंड-मध हा उपाय घरोघरी ठरलेला असतो. वचा मेध्य आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु ज्याच्या कानी शब्द पडलाच नाही त्याच्या मुखी तो येणार कसा? भाषा मेंदूत रुजण्याची पहिली वर्षे त्या वेखंडाच्या भरवशावर निघून जातात आणि मग ती परत मिळत नाहीत. म्हणून संघटनेने असा संकेत पाळावा की श्रवणपरीक्षेचा कागद पाहिल्यावाचून न बोलणाऱ्या मुलाला कोणीही मेध्य औषध लिहून देऊ नये. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या तपासणीची सोय आहे.

त्याखेरीज चार महिन्यांपर्यंत मान धरली काय, नऊ महिन्यांपर्यंत आधारावाचून बसले काय, दीड वर्षापर्यंत स्वतः चालले काय, आवाजाकडे वळून पाहते काय, आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसते काय, हे प्रश्न प्राशनाच्या कार्डावर छापून घेण्यास कितीसा खर्च येणार? काश्यपसंहितेने वर्ष होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकाला 'फक्क' म्हटले आणि त्याची क्षीरज, गर्भज व व्याधिज अशी कारणपरत्वे विभागणी केली. विशेष म्हणजे त्याच्या चिकित्सेत घृत-तैलांबरोबर चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा फक्करथ सांगितला. साहाय्यक साधन हा चिकित्सेचाच भाग होय, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा आधार हाताशी असताना आपण मुलाला वॉकर किंवा कॅलिपर द्यावयाचे म्हटले की चिकित्सा हरली असे मानतो, ही मोठी विसंगती आहे.

मस्तिष्क-पक्षाघाताच्या म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या बालकांत अभ्यंग, स्वेद, बस्ती यांचा उपयोग अनेक वैद्य करतात आणि काहींना ताठरपणा व मलावरोध यांत लाभ दिसतो. तो करावा, परंतु भौतिकोपचार, झटक्यांची औषधे आणि बालवाडी यांपैकी काहीही बंद करवून नव्हे. झटक्यांचे औषध एकाएकी थांबविल्याने जिवावर बेतते.

दवाखान्याचे दार

तिसरे काम आपल्या वास्तूचे आणि वागण्याचे. प्रमाणित उतार एकास बारा असतो. म्हणजे दवाखान्यासमोर सहा इंचांची एकच पायरी असेल तर सहा फूट लांबीचा उतार हवा. जेथे तो बसत नाही तेथे दोन दगडी चिऱ्यांवर उभी फळी टाकून 'रॅम्प केला' असे लिहू नये. त्यावरून खुर्ची उलटते. अशा वेळी रुग्णाला बाहेर येऊन तपासण्याची वेळ ठरवून देणे अधिक प्रामाणिकपणाचे. दाराची मोकळी रुंदी तीन फुटांच्या आसपास असावी. पंचकर्मगृहातील द्रोणीची उंची चाकाच्या खुर्चीच्या बैठकीशी मिळती असावी, नाही तर तेल लागलेल्या रुग्णाला दोघांनी उचलून ठेवण्याचा प्रसंग येतो.

वागण्यातील बदलाला तर पैसाही लागत नाही. प्रश्न रुग्णाला विचारावा, त्याच्याबरोबर आलेल्या भावाला नव्हे. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना तोंडावर उजेड असावा, आणि पथ्य लिहून द्यावे. अंध रुग्णाला चूर्णाच्या पुड्या देताना सकाळची चौकोनी आणि रात्रीची त्रिकोणी बांधली की त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. दिव्यांग स्त्रीच्या आर्तवाची, गर्भारपणाची विचारपूस सहसा कोणी करीतच नाही. जणू तिला तो देहधर्म नाहीच. ती करावी. आणि रक्तदाब, साखर, वजन ही सर्वांची मोजली जातात तशी यांचीही मोजावीत.

याच कामात प्रमाणपत्राचे साहाय्य येते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ मधील फेरीत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांचे प्रमाण केवळ २८.८ टक्के आढळले. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी संकेतस्थळावरूनच अर्ज करावा लागतो. ते देण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यांना आहे, आपणांस नाही. परंतु अर्ज कोठून भरावा, कोणत्या वारी कोणत्या रुग्णालयात तपासणी असते, बरोबर कोणते कागद न्यावेत, याचा एक फलक दवाखान्यात लावता येतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

काय करू नये

न करावयाच्या गोष्टींची यादीही सभेने लिहून ठेवावी. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत अंधत्व, बधिरत्व, पक्षाघात, बालपक्षाघात, कुष्ठ यांची नावे आहेत. यांच्या उपचाराची औषधे जाहिरातीने खपविणे हा गुन्हा आहे. आपल्यातील मोजकेच लोक तसे करतात, पण किंमत सर्वांना मोजावी लागते. सर्वाधिक किंमत त्या कुटुंबाला मोजावी लागते. शेत विकून, गावोगाव हिंडून, 'पुढच्या महिन्यात चालू लागेल' या शब्दावर वर्षे घालविलेले आईबाप आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. साध्य-असाध्य न जाणता असाध्याला हात घालणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि कीर्ती जाते, असे चरकाने सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात बजावले आहे. याप्य व्याधीविषयी सुश्रुताने पडू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली; आपले बरेचसे काम त्या टेकूचे आहे आणि त्यात कमीपणा नाही.

ग्रंथांचा आधार घेताना आणखी एका ठिकाणी सांभाळावे लागते. दौहृदाचा अवमान झाल्यास कुब्ज, कुणि, खंज, जड, वामन अशी अपत्ये होतात, असे सुश्रुताने शारीरस्थानात म्हटले आहे. गर्भिणीच्या मनाची काळजी घ्यावी हा त्यातला आशय आजही ग्राह्य आहे. परंतु जन्मलेल्या दिव्यांग बालकाच्या आईपुढे हे वचन उच्चारणे म्हणजे सासरच्यांच्या हाती शस्त्र देणे होय. मुरडलेले पाऊल किंवा जन्मजात बधिरता आईने अमुक खाल्ले नाही म्हणून येत नाही. व्याख्यानांतून, गर्भसंस्काराच्या वर्गांतून हे वचन कारणमीमांसा म्हणून सांगणे बंद करावे, असा स्पष्ट ठराव व्हावा. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड, आयोडीनयुक्त मीठ आणि रुबेलाची लस यांनी काही व्यंगे खरोखर टळतात. सांगावयाचे तर ते सांगावे.

हिशेब

तीन कामे ठरली की त्यांचा आकडा ठरवावा. उदाहरणार्थ, तीस सदस्यांच्या शाखेने एवढे ठरवावे की वर्षअखेर निदान वीस दवाखान्यांतील मधुमेही रुग्णांच्या केसपेपरवर पावलांची नोंद असेल, प्रत्येक सुवर्णप्राशन शिबिरात विकासाचे कार्ड भरले जाईल, आणि दहा दवाखान्यांच्या दारांची अडचण दूर होईल. उताराच्या खर्चासाठी शाखेच्या शिलकीतून काही रक्कम आधीच बाजूला काढावी. वर्गणी जमवू म्हटले की काम पुढच्या वर्षावर जाते. वर्षाअखेर तिन्हींपैकी जे काम खरोखर रुजले असेल ते 'अग्रक्रमा'तून काढून नित्यकर्मात टाकावे आणि त्या जागी नवे घ्यावे. न रुजलेले दुसऱ्या वर्षी चालू ठेवावे, पण तिसऱ्या वर्षी नाही. दोन वर्षांत जे झाले नाही ते आपल्या आवाक्यातले नव्हते असे समजून सोडून द्यावे.

तिमाही पत्रकात रकाने चारच पुरेत : किती तपासले, किती संशयित आढळले, किती जणांना पुढे पाठविले, आणि पाठविलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष तेथे पोहोचले. चौथा रकाना भरण्यासाठी पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी दूरध्वनी करावा लागेल. शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला म्हणजे बाळ तेथे गेले असे होत नाही. एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी आणि घरातल्यांचा नकार यांतून वाट काढून आई तेथे पोहोचावी लागते. हे दूरध्वनी कोणी करावयाचे, ते सभेतच नावानिशी ठरवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.